अर्धा धवला

पेणला जाऊन आलो म्हटलं की आमच्या सोसायटीतली माणसं आधी विचारतात, पापड आणले का. आणले. पोह्याचे पापड आणले, मिरगुंडं आणली, कडवे वालही आणले. पण त्याआधीच माझा एक फोटो घरी पोहोचला होता. त्यात मी या वयात गालांना हळद फासून, कपाळाला मुंडावळ्या बांधून पाटावर बसलोय आणि शेजारच्या पाटावर खण नेसवलेला नारळ आहे. आमच्या हिने दार उघडलं, माझ्या पाठीमागे वाकून पाहिलं आणि म्हणाली, "सवत कुठाय माझी? का वाटेतच फोडून खाल्लीत?"

तर ही त्या प्रवासाची हकिगत. ज्यांना तिकडे जायचं आहे त्यांनी रस्त्याच्या माहितीसाठी ती वाचू नये. त्या महामार्गाबद्दल लिहायला बसलो तर नुसता शिव्यांचा कोश होईल, आणि मी आयुष्यभर सभ्य भाषेचं खातं सांभाळलेला माणूस आहे.

मी कवी आहे. म्हणजे होतो. पहिला संग्रह निघाला तेव्हा जाणत्यांनी पाठ थोपटली. त्या आवाजाने एका मोठ्या अधिकाऱ्याचं लक्ष गेलं आणि त्याने मला सांस्कृतिक कामाला जुंपलं. मग मी सचिव झालो, संचालक झालो, मंडळाचा अध्यक्ष झालो आणि निवृत्तीनंतर ज्या समितीला कोणी मिळत नाही त्या समितीचा कायमचा अध्यक्ष झालो. दुसरा संग्रह पहिल्यातून गाळलेल्या कवितांचा होता. तिसरा निघालाच नाही. त्याऐवजी स्मरणिकांमधली 'अध्यक्षीय मनोगतं' निघाली. काही कामं मात्र झाली. म्हाताऱ्या कलावंतांना मानधन मिळू लागलं, तालुक्याच्या गावी तालमींसाठी खोल्या झाल्या. हे नाकारण्याइतका मी नम्र नाही.

शिवाय माझ्या नावावर एक शोध आहे. रंगमंचाच्या पायथ्याशी, कलावंताला दिसेल आणि प्रेक्षकाला दिसणार नाही असा, एक लाल दिवा. तो पेटला की समजायचं, आटपा. पूर्वी महोत्सवात एकेक शाहीर तास-तास हलत नसे आणि मागचे बिचारे मेकअप करून ताटकळत. मी दिवा आणला, सगळ्यांना सारखा वेळ मिळू लागला आणि मला कार्यक्षम म्हणू लागले. कवीला कार्यक्षम म्हटलं की त्याने समजून जायला हवं होतं. मी पेढे वाटले.

पेण

माघात रोह्याला जिल्ह्याचा लोककला महोत्सव होता आणि मी त्याचा अध्यक्ष. एक दिवस आधी पेणला उतरलो. रामवाडीच्या स्टँडवर घ्यायला मोकल सर आले होते. हे निवृत्त शिक्षक, महोत्सवाचे कार्यवाह. मूळचे खारेपाटातल्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यातल्या, एका गावचे, आता रोह्याजवळ वरश्याला फ्लॅट घेऊन राहिलेले. सडपातळ, घाईचा आणि अत्यंत भला माणूस. त्यांच्या भलेपणाचा मला पुढे फार त्रास झाला.

पहिलं काम जोह्याला होतं. कलावंतांना द्यायची सन्मानचिन्हं म्हणून तिथल्या कारखान्यात हातभर उंचीचे गणपती सांगितले होते. जोह्यात शिरलं की दोन्हीकडे भातखाचरं आणि मध्ये घराघरातून गणपती. ओसरीवर, माडीवर, गोठ्यात, पांढरेफेक, बिनडोळ्यांचे, एकाला एक पाठ लावून उभे. आमच्या घाटावर गणपती म्हणजे भाद्रपदातला पाहुणा. इथे तो बारमाही आहे आणि त्याच्या सोंडेवर बायका धुतलेली फडकी वाळत घालतात.

कारखानदाराने चहा दिला. मी मातीच्या कलेवर चार शब्द बोललो. कोणी सांगितलं नव्हतं, पण मला ते होतंच. दोनापेक्षा जास्त माणसं समोर दिसली की माझ्या तोंडून मनोगत निघतं. बोलता बोलता एका गणपतीच्या खांद्यावर आपुलकीने हात ठेवला आणि त्याचा वरचा हात कोपरापासून निखळून माझ्या मुठीत आला. मी तो पाठीमागे लपवून भाषण पूर्ण केलं. कारखानदाराने शेवटपर्यंत ऐकलं आणि मग तळहात पुढे केला. "द्या साहेब तो हात. घाबरू नका, डोले काढले नाय त्याचे. माती हाय अजून."

दुपारी मिनिडोरने मोकल सरांच्या गावी गेलो. मिनिडोर म्हणजे सहा माणसांची रिक्षा. आम्ही अकरा होतो आणि एक कोंबडा. बांधावरून वाट जाते. एका बाजूला खाडीचं काळं पाणी, दुसऱ्या बाजूला भरतीला अडवून काढलेली शेतं, आणि दूर मिठाचे छोटे छोटे पांढरे ढीग. गावाचं नाव लिहीत नाही. पुढे जे झालं त्यात गावाचा काही दोष नाही.

तिथे चांगुणाबाय राहतात. त्या धवलारीण. आगरी लग्नात भटजी असो नसो, धवलारीण लागते. हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधी तिच्या गाण्याने पुढे सरकतो. त्या गाण्यांना धवले म्हणतात. बायका धवलारणीला विचारल्याशिवाय हळदीच्या वाटीला हात लावत नाहीत.

मला वाटलं होतं, एखादी भोळी, जुन्या वळणाची म्हातारी असेल आणि तिला समजावून सांगावं लागेल. चांगुणाबाय ओसरीवर मिश्री लावत बसल्या होत्या. गुडघ्यापर्यंत कसलेलं लाल लुगडं, नाकात मोठी नथ, आणि नजर अशी की मी चप्पल काढताना मोज्याला पडलेलं भोक झाकलं. त्यांनी आधी विचारलं, सन्मानचिन्ह केवढं आहे. मोकल सरांनी हाताने उंची दाखवली. पलीकडच्या गावच्या धवलारणीला अलिबागेला मिळालंय त्याच्यापेक्षा मोठं का? मोठं, सर म्हणाले. मग बाय बोलायला तयार झाल्या.

सरांनी माझी ओळख कवी म्हणून करून दिली. बायने मिश्रीचं बोट खाली घेतलं. "कवी म्हनजे गानी बनवतात ते? मंग सांगा एक."

मी घसा साफ केला. माझी एक कविता पूर्वी लोक मागून ऐकत. तिच्या चार ओळी म्हटल्या आणि पाचवी आली नाही. पुन्हा पहिल्यापासून धरलं. पुन्हा चौथीवर थांबलो. ओसरीवर जमलेल्या बायका वाट पाहत होत्या.

"म्होरं?" बाय म्हणाल्या.

"पुढचं पुस्तकात आहे."

"पुस्तकात हाय," त्यांनी बायकांना सांगितलं, आणि त्या सगळ्या माझ्याकडे दयेने पाहू लागल्या. दोन खोल्यांपलीकडून कोणीतरी हसलं तेही मला ऐकू आलं.

मग खरा प्रश्न निघाला. लग्न कुणाचं? लग्न नाही, कार्यक्रम आहे, असं सांगितल्यावर त्यांनी हातच झटकले. धवल्यात आधी देवांना आवतण असतं. गावदेवी, वेशीवरचा देव, खाडी, बांध, मिठागराचा राखणदार, घरातले गेलेले वाडवडील, एकेकाला नाव घेऊन मांडवात बोलवायचं. मग हळद लावायची, त्यांना मानपान द्यायचा आणि शेवटी उलट्या क्रमाने एकेकाला निरोप देऊन घरी पाठवायचं. मांडवात कोणी बसलेलंच नसेल तर बोलावू कोणासाठी, हा त्यांचा सवाल होता.

मोकल सर म्हणाले, कोणाला तरी बसवू. बाय म्हणाल्या, पोरगा नको, पोरगी नको, कोवळ्या माणसाला खोटी हळद लावत नाहीत. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "हेंना बसवा. म्हाताऱ्याला काय व्हतंय? नवरी म्हनून नारल ठेवू."

ओसरी हसली. मीही हसलो, कारण माझ्या डोक्यात लगेच बातमी छापून आली होती: महोत्सवाच्या अध्यक्षांनी स्वतः हळद लावून लोककलेशी नातं जोडलं.

एकच अट होती. बाय ती हसत हसत बोलल्या नाहीत. "अख्खा गाईन. देव बोलावले की पाठवायचं. मधी थांबवायचं नाय. ज्यो पाटावर बसंल त्याच्याच म्होरं सोडवायचे त्यांना. रवले तं माझ्या अंगावर रवतात, मंग मना कोन बोलवनार मांडवात? येत्या आयतवारी माझ्या भाचीच्या पोरीची हलद हाय."

भाची प्रमिला तिथेच उभी होती. तिच्या मुलीचं लग्न चार घरं पलीकडे होतं. बायना स्वतःची लेक नव्हती. प्रमिलेला त्यांनीच वाढवलं होतं आणि तिच्या लेकीची हळद आपण गायची हे बायनी त्या पोरीच्या बारशाला ठरवून टाकलं होतं.

"अख्खा होईल," मी म्हटलं. "माझा शब्द." लाल दिव्याचं मला त्या क्षणी आठवलंसुद्धा नाही. स्वतःच्या शोधाची माणसाला एवढी सवय होते.

रोहा

सकाळी वरश्याला मोकल सरांकडे जेवलो. वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी. वाल सोलून सोलून सरांच्या पत्नीच्या बोटांना डाग पडलेले. आमच्याकडे पाहुण्याला वाढताना 'थोडं घ्या' म्हणतात. इथे काही म्हणत नाहीत, ताटात दिसलेली जागा भरतात. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या आणि त्यामुळे संध्याकाळी पाटावर मांडी घालून बसताना पोटावरचा सदऱ्याची गुंडी तुटून नारळावर आदळली. वहिनींनी निरोपाला मिरगुंडं बांधून दिली. तीच ही, पुण्याला आलेली.

महोत्सव कुंडलिकेच्या काठच्या मैदानात. वारा रसायनांच्या कंपन्यांकडून आला की नाकाला झोंबणारा वास येतो. नवखे रुमाल काढतात, रोहेकर फक्त वाऱ्याची दिशा सांगतात. पहिल्या शिफ्टचे लोक डबे घेऊन परस्पर मैदानात आले होते. गर्दी चांगली होती. पुढच्या रांगेतले सोफे मात्र रिकामे, कारण ज्या पुढाऱ्याच्या हस्ते उद्घाटन व्हायचं होतं तो आला नव्हता. तीन वेळा 'अर्ध्या वाटेत आहेत' असा निरोप आला. मग मी, कार्यक्षम माणूस, उद्घाटनाआधीच कार्यक्रम सुरू करायला सांगितलं. त्याबद्दल अजूनही माझं मत आहे की ते बरोबर होतं. पुढचं सगळं त्यातूनच झालं ही गोष्ट वेगळी.

चांगुणाबाय नवं लुगडं नेसून आल्या. पाट मांडले, नारळाला खण नेसवला, मला बसवलं. आमच्याकडे हळद म्हणजे आंब्याच्या पानाने गालाला बोट लावायचं आणि हात पुसायचे. इथे हळद लग्नाहून मोठी असते. बायच्या सोबत आलेल्या दोघींनी मला असं काही माखलं की पुढच्या रांगेतून कोणीतरी, कालवण झालं, असं म्हणालं. मैदान हसलं. मी हात हलवून दाद घेतली.

मग बाय गाऊ लागल्या आणि हसणं थांबलं.

आवाज गोड नव्हता. खरखरीत होता, एकाच पट्टीत चालणारा, दोन ओळींनंतर श्वासासाठी थांबणारा. त्या गावदेवीला बोलावत होत्या, म्हणजे गाडीतून उतरणाऱ्या पाहुणीला हाक मारावी तशी बोलावत होत्या. मग खाडीला. मग बांधाला. मिठागराच्या राखणदाराला तर, पाय धुऊन ये, असं बजावलं. पुढे नावं आली. त्यांचा नवरा, दोन दीर, खाडीत बुडालेला भाऊ. डबेवाले उभे राहिले होते. मला डोळे मिटावेसे वाटले. डोक्यात एक ओळ हलली, माझी स्वतःची. कित्येक वर्षांत हललेली पहिलीच. मी तिला घाबरवू नये म्हणून श्वाससुद्धा हळू घेत होतो.

तेवढ्यात मैदानाच्या टोकाला गाड्यांचे दिवे दिसले.

मी उठलो. एवढंच. कोणी उठवलं नाही, कोणी खूण केली नाही. गाड्या दिसल्या की अध्यक्षाने उठायचं हे माझ्या गुडघ्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. मुंडावळ्या लोंबत असताना मी पायऱ्या उतरत होतो तेव्हा बाजूला दिवा पेटलेला दिसला. तोही कोणी मुद्दाम लावला नसेल. माझीच शिस्त होती, ती चालत होती.

पुढाऱ्याने माझ्याकडे पाहिलं आणि पोट धरून हसला. "अध्यक्ष, या वयात?" फोटो निघाले. आम्ही दोघं वर आलो तेव्हा स्वयंसेवकांनी पाट उचलले होते, नारळ विंगेत गेला होता आणि तिथे सोफा येत होता. माइक बंद होता. बाय बिनमाइकच्या गात होत्या, रिकाम्या फळ्यांकडे बघून. मोकल सरांनी दंडाला धरून त्यांना अदबीने खाली नेलं. सरांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण नेलंच.

नंतर पुढाऱ्याच्या हस्ते त्यांना जोह्याचा गणपती देण्यात आला. त्यांनी तो घेतला. माझ्यासमोरून जाताना थांबल्या. "उठलाव कनाला?"

मी काहीतरी बोललो. पाहुणे आले, प्रोटोकॉल, उद्या सावकाश बोलू. त्या ऐकून घेऊन निघून गेल्या. मी पुढाऱ्याबरोबर विश्रामगृहावर जेवायला गेलो. सुरमई होती. चांगली होती.

खारेपाट

रविवारी सकाळी मोकल सरांचा फोन आला. गावात बातमी आमच्याआधी पोहोचली होती. प्रमिलेच्या नवऱ्याने बायना निरोप पाठवला होता की हळद गायला येऊ नका. आणि बायने सरांना निरोप दिला होता, त्या साहेबाला घेऊन ये.

आता तो निरोप मी कसा घेतला ते सांगतो, कारण माझ्या एकूण कारकिर्दीचं सार त्यात आलं. मला वाटलं, बायना माझं वजन वापरायचं आहे. चाळीस वर्षं माझ्याकडे माणसं त्याचसाठी येत होती: साहेब, एक शब्द टाका. मी सदरा बदलला, कानामागची हळद घासून काढायचा प्रयत्न केला, ती गेली नाही, आणि सरांना म्हणालो, आधी मुलीच्या बापाकडे जाऊ. सर म्हणाले, बायकडे आधी गेलो तर? मी म्हणालो, सर, ही प्रकरणं कशी हाताळायची ते मला ठाऊक आहे.

मुलीचा बाप म्हणजे प्रमिलेचा नवरा. कंपनीत शिफ्टला जाणारा, शांत माणूस. मांडवात खुर्च्या मांडत होता. त्याने आम्हाला बसवलं, सरबत दिलं. मी बोललो. लोककलेचं महत्त्व बोललो, अंधश्रद्धेबद्दल बोललो, मग अंधश्रद्धा हा शब्द लागला असेल म्हणून श्रद्धेबद्दल बोललो. शेवटी म्हटलं की चूक माझी आहे, बायची नाही.

तो खुर्ची पुसत ऐकत होता. "चूक कोनाची ते आमी कुठं इचारतो, साहेब? तुमी मोठी मानसं, तुमाला उठावं लागतं. पन देव बोलावले आन् पाठवले नाय. ते मावशीच्या अंगावर हायत आता. माझ्या पोरीच्या मांडवात त्यांना आनू काय?"

मी म्हटलं, मग हळद कोण गाणार?

"कोन कनाला? रेकॉर्डिंग हाय ना. मावशीचाच आवाज, तवाचा, चांगला. तुमच्याच हापिसाचा हाय."

त्याने पोराबाळांना हाक मारली नाही, स्वतःच उठून स्पीकरला फोन जोडला, कारण मुहूर्त झाला होता. बायका मुलीला घेऊन आल्या. हळदीची वाटी आली. सगळे हात थांबवून उभे राहिले आणि स्पीकरमधून माझा आवाज आला.

"नमस्कार. आपल्या मातीतल्या या अमोल ठेव्याचं जतन व्हावं, या भूमिकेतून..."

मंडळाने अनेक लोकगीतं ध्वनिमुद्रित करून जगासाठी खुली ठेवली होती. प्रत्येकाआधी मी बोललो होतो. हे मी विसरलो होतो. बोललेलं सगळं कोण लक्षात ठेवतं? प्रमिला हळदीचं बोट वर धरून, मान खाली घालून, माझी भूमिका संपायची वाट पाहत होती. कोणालाही वाटलं नाही की ते पुढे ढकलावं. मांडवात जे लागतं ते सगळं लागतं. एका म्हातारीने तर माझ्या 'धन्यवाद'ला हात जोडले.

मग चांगुणाबायचा आवाज सुरू झाला, आणि मी तिथून निघालो.

चार घरं पलीकडे बाय ओसरीवर बसल्या होत्या. समोर सुपात वालाच्या शेंगा, पण हात थांबलेले. स्पीकर मोठा होता. इथे सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. कोनाड्यात जोह्याचा गणपती होता, त्याच्यावर अजून प्लास्टिकची पिशवी होती. समोर एक पाट मांडलेला होता. त्यावर कोणी नव्हतं. सकाळपासून मांडला होता, असं शेजारीण म्हणाली.

"कुठं व्हतात?" बाय म्हणाल्या.

मी सांगितलं, तुमच्या भाचीच्या नवऱ्याशी बोलत होतो. तुमच्यासाठीच बोलत होतो.

"बोलायला कनी बोलवला तुमाला? पाटावर बसायला बोलवला व्हता. ज्यो बसतो त्याच्याच म्होरं सुटतात. सकाली येऊन बसला असतात तं मी सोडवले असते, आन् आंघोल करून मांडवात ग्येली असती." त्या रागावल्या नव्हत्या. भाव सांगताना बोलतात तसं बोलत होत्या. "आता हलद लागली पोरीला."

मोकल सर भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

पलीकडून आवाज येत होता. बाय ऐकत होत्या. मध्येच म्हणाल्या, दात व्हते तवा. खाडी आली, बांध आला, मग भाऊ आला, आणि मग आवाज हळूहळू बारीक होत गेला आणि संपला. निरोपाचा भाग त्यात नव्हताच. ध्वनिमुद्रणाच्या वेळी आम्ही 'प्रातिनिधिक अंश' घेत असू. प्रत्येक गीताचा सारखा. तेही धोरण माझंच. मांडवात कोणाच्या लक्षात आलं नाही. डीजेने नाचायचं गाणं लावलं. शिट्ट्या झाल्या.

बाय मान वर करून मांडवाच्या दिशेने बघत राहिल्या. "तिकरं पन तसंच ठेवले," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

मी पाटावर बसलो. कोणी सांगितलं नाही. गुडघे दुखत होते, मांडी धड घातली जात नव्हती. बायने सूप बाजूला सारलं, पदर डोक्यावर घेतला, सुपाशेजारची हळदीची चिमूट माझ्या कपाळाला टेकवली आणि काल तुटलं होतं तिथून गाणं धरलं. डीजेमुळे अर्धं मला ऐकूच येत नव्हतं. ओठांवरून कळत होतं. आता निरोप चालला होता. भावाला पाठवलं. दिरांना पाठवलं, नवऱ्याला पाठवलं, त्याला थोडा वेळ लागला. मिठागराच्या राखणदाराला, बांधाला, खाडीला. गावदेवीला सगळ्यात शेवटी, आणि तिला, पोरीच्या मांडवात तिष्ठत उभी असशील तर तिथूनही जा, असं सांगितलं. ते धवल्यात नसावं. त्यांनी घातलं असावं.

गाणं थांबलं. मी बसून राहिलो. वाटलं, आता काहीतरी बोलायला हवं. तोंड उघडलंही.

बायने सूप पुन्हा मांडीवर ओढलं आणि एक शेंग सोलली.

"ग्येले सगले," त्या म्हणाल्या. "आता तुमी पन जा."